बायफोकलमधून पायरी वर का सरकते?

लंडनच्या क्रेव्हन स्ट्रीटवर ४२ नंबरला ब्रिटिश ऑप्टिकल असोसिएशनचं चष्म्यांचं संग्रहालय आहे. त्याची स्थापना १९०१ ची. त्याच रस्त्यावर ३६ नंबरच्या घरात अमेरिकन मुत्सद्दी आणि शास्त्रज्ञ बेंजामिन फ्रँकलिन राहत असे. मे १७८५ मधल्या एका पत्रात त्याने आपल्या चष्म्याचं वर्णन केलंय: वर लांबचं अर्धं भिंग, खाली जवळचं अर्धं. हेच बायफोकल.

चष्म्यांच्या प्रदर्शनात लोक फ्रेमीच बघत फिरतात. पण मधोमध आडवी रेघ असलेलं भिंग दिसलं, तर तिथे जरूर थांबावं.

चाळिशीत डोळ्यातलं भिंग ताठर होऊ लागतं. ४० सेंमीवरचं वाचायला १ ÷ ०.४, म्हणजे २.५ डायॉप्टर (भिंगाच्या ताकदीचं एकक, चष्म्याचा नंबर यातच असतो) लागतात. साठीनंतर ते जवळपास सगळे चष्म्यानेच द्यावे लागतात. व्यायामाने चाळिशी घालवण्याचे व्हिडिओ फिरतात, पण ताठरलेलं भिंग त्याने मऊ होत नाही. सूर्याकडे टक लावण्याचा सल्ला तर डोळ्यातला पडदाच जाळणारा आहे.

आता बायफोकलची खरी मेख. भिंगाच्या मध्यबिंदूतून किरण सरळ जातो. मध्य सोडून पाहिलं की भिंग प्रिझमसारखं वागतं. मध्यापासूनचं अंतर (सेंमीत) गुणिले नंबर, म्हणजे प्रिझम डायॉप्टर. एक प्रिझम डायॉप्टर म्हणजे एका मीटरवर वस्तू एक सेंमी सरकलेली दिसणं.

केटी प्रकारच्या बायफोकलमध्ये खाली बसवलेली जवळच्या नंबरची गोल टिकली २२ मिमीची असते. तिची वरची कड तिच्या मध्यापासून ११ मिमीवर: १.१ × २.५ = २.७५ प्रिझम डायॉप्टर. जिना उतरताना नजर कड ओलांडून टिकलीत शिरते आणि दीड मीटरवरची पायरी सुमारे ४ सेंमी वर आल्यासारखी दिसते, शिवाय पुसट. पाय टेकेल असं वाटतं तिथे पायरी नसतेच. घरचे म्हणतात, वय झालं!

२८ मिमी रुंद, डी आकाराची टिकली असलेल्या बायफोकलमध्ये टिकलीचा मध्य वरच्या कडेपासून फक्त ५ मिमी खाली असतो, त्यामुळे हीच उडी २ सेंमीच्या आत येते. लांबचं आणि जवळचं अशी दोन्ही भिंगं बरोबर मधोमध कापून जोडली, तर दोन्ही मध्य रेघेवरच येतात आणि उडी शून्य! आजचं एक्झिक्युटिव्ह बायफोकल (आडवी रेघ भिंगभर असलेलं) याच तत्त्वावर चालतं. फक्त ते जाड आणि जड होतं.

टिकलीची वरची कड साधारण खालच्या पापणीच्या रेषेत हवी. बाहेर फार चालणाऱ्यांनी ती एक-दोन मिमी खाली बसवून घ्यावी. जिन्यावर हनुवटी छातीकडे झुकवून वरच्या भागातूनच पायरी बघावी.