मराठवाड्यातले जुने व्हाइस: जिनिंगपासून आयटीआयपर्यंत

मराठवाड्यात भंगाराच्या ढिगात जुना व्हाइस (कामाचा तुकडा दोन जबड्यांत घट्ट धरणारी लोखंडी पकड) दिसला, तर तो बहुतेक कापसाच्या जिनिंगमधून, मीटरगेज रेल्वेच्या शेडमधून किंवा सरकारी आयटीआयमधून आलेला असतो. तो कुठून आला हे कळले, की तो कोणत्या लोखंडाचा आहे, त्याचे आटे कोणत्या मापाचे असतील आणि खोलताना काय तुटू शकते, याचा अंदाज पाना हातात घेण्याआधीच बांधता येतो. म्हणून व्हाइस जमवणाऱ्याने किंमत विचारण्याआधी या भागातल्या लोखंडी कामाचा इतिहास माहीत करून घ्यावा.

मनमाडहून औरंगाबाद (आताचे छत्रपती संभाजीनगर), जालना, परभणी, नांदेड करत सिकंदराबादला जाणारा हैदराबाद-गोदावरी व्हॅली रेल्वेचा मीटरगेज मार्ग १९००च्या सुमारास सुरू झाला. या मार्गाने इथला कापूस मुंबईच्या बाजारात सहज जाऊ लागला आणि जिनिंग-प्रेसिंगचा धंदा वाढला. जिनाला इंजिन, इंजिनाला शाफ्ट, शाफ्टला पट्टे आणि रोज काहीतरी झिजणार किंवा तुटणार. जवळ वर्कशॉप नसल्याने फिटर, भट्टी, ऐरण आणि व्हाइस कारखान्याच्या आवारातच ठेवणे भाग होते. त्या काळचा हा व्हाइस म्हणजे लेग व्हाइस. त्याचा एक पाय थेट जमिनीपर्यंत जातो.

लेग व्हाइस ओतीव नसतो, घडीव लोखंडाचा असतो. त्यावर घण घातला, तर दणका पायातून जमिनीत उतरतो, टेबलावर येत नाही. म्हणून पायाखाली दगड किंवा लाकडी ठोकळा हवाच. पाय अधांतरी ठेवून व्हाइस नुसता टेबलाला आवळला, तर लेग व्हाइसचा सगळा फायदा गेला. पुढचा जबडा खालच्या पिनेवर फिरतो, त्यामुळे जबडे समांतर न उघडता कमानीत उघडतात. कमी जाडीचे काम घट्ट बसते, पण जाड काम फक्त जबड्याच्या एका कडेवर पकडले जाते आणि निसटते. हा या रचनेचाच गुण आहे, दुरुस्तीने तो जाणार नाही.

याचा सगळ्यात नाजूक भाग बाहेरून दिसत नाही. स्क्रू ज्या नळीत फिरतो, तिच्या आतले आटे जुन्या पद्धतीत कापलेले नसत. स्क्रूच्या खाचेत चौकोनी पट्टी गुंडाळायची, ती नळीत सरकवायची आणि पितळाने झाळायची, असे ते बसवलेले असत. गंजून अडकलेला स्क्रू सोडवायला कोणी गॅसची ज्योत थेट नळीवर धरली, की पितळ वितळते आणि आट्यांची पूर्ण गुंडाळी स्क्रूसोबत बाहेर येते. असा व्हाइस पुन्हा कामाला लावायला नवी नळी करावी लागते. इंग्लंडमधल्या डडलीच्या पीटर राइटने सबंध लोखंडात आटे कापलेली नळी आणली आणि व्हाइसवर तसा ठसाही दिला. हा ठसा असेल, तर थोडी उष्णता चालते. ठसा नसेल, तर नळी झाळलेली आहे असेच धरावे: डिझेल सोडून चार-आठ दिवस थांबावे आणि स्क्रू मागे-पुढे पाव-पाव फेरा हलवत राहावे.

रेल्वेतून आलेल्या व्हाइसचा काळ ठरवणे त्या मानाने सोपे, कारण रेल्वेच्या हत्यारांवर मालकीची अक्षरे ठोकलेली सापडतात. निजामाच्या संस्थानाने ही रेल्वे १९३०मध्ये ताब्यात घेतली. त्याआधी इथली रेल्वे निजामाज गॅरंटीड स्टेट रेल्वे होती, नंतर निजाम्स स्टेट रेल्वे झाली. म्हणजे एनजीएसआर ही अक्षरे १९३०च्या आधीची आणि एनएसआर ही त्यानंतरची. ५ नोव्हेंबर १९५१ला मध्य रेल्वे स्थापन झाली आणि ही रेल्वे तिच्यात गेली. २ ऑक्टोबर १९६६ला दक्षिण मध्य रेल्वे झाली आणि इथले मार्ग तिच्याकडे आले. एकाच व्हाइसवर दोन काळांची अक्षरे असली, तर आधीची अक्षरे रद्द करण्यासाठी त्यांच्यावर छन्नीची रेघ मारलेली असू शकते. ही अक्षरे एक-दीड मिलिमीटरच खोल असतात. ग्राइंडरला लावलेला तारेचा ब्रश जोरात दाबून फिरवला, की कडा गुळगुळीत होतात आणि मागे काहीच वाचता येत नाही. म्हणून व्हाइस घरी आला की पहिले काम हाताच्या ब्रशने माती काढून, खडू घासून, तिरप्या उजेडात फोटो घेणे.

या काळात इंग्लंडमधला व्हाइस बदलला होता. कानसकामाला समांतर जबडे हवे होते आणि ओतकाम स्वस्त झाले होते. त्यातून बिडाचा (ओतीव लोखंडाचा), टेबलावर बसणारा बेंच व्हाइस आला. शिप्लीच्या पार्किन्सनने खटका दाबून जबडा झटकन सरकवायची सोय दिली. शेफील्डच्या सी. अँड जे. हॅम्प्टन कंपनीने रेकॉर्ड हे नाव १९०९मध्ये नोंदवले आणि पुढे भारतातल्या वर्कशॉपमध्ये निळा रेकॉर्ड व्हाइस हीच चांगल्या व्हाइसची ओळख झाली. अमेरिकेत विल्टन कंपनी १९४१मध्ये शिकागोत सुरू झाली. तिचे व्हाइस तिकडच्या संग्राहकांना फार प्रिय आहेत, मराठवाड्यात मात्र क्वचितच दिसतात.

बीड दाबाला मजबूत आणि ताणाला कमजोर. लेग व्हाइस घणाखाली वाकतो, बेंच व्हाइस तडकतो. बेंच व्हाइसच्या जवळजवळ सगळ्या तक्रारी या एका गोष्टीतून निघतात.

मराठवाड्यात बेंच व्हाइस मोठ्या संख्येने आले ते १७ सप्टेंबर १९४८ला निजामाची राजवट संपल्यानंतर. केंद्र सरकारची कारागीर प्रशिक्षण योजना १९५०मध्ये सुरू झाली आणि जिल्ह्याजिल्ह्यात आयटीआय निघाल्या. फिटर ट्रेडमध्ये प्रत्येक मुलाला स्वतःचा व्हाइस लागतो, कारण सुरुवातीचे कित्येक आठवडे सपाट कानस मारण्यातच जातात. इतकी मागणी आयात मालाने पुरी होणे शक्य नव्हते. जालंधर, लुधियाना, बटाला इथल्या ओतशाळांनी आणि हत्यार-कारखान्यांनी इंग्रजी नमुन्यावर व्हाइस काढायला सुरुवात केली. त्यातले काही फार चांगले होते. काहींचे बीड मात्र भरड आणि ओतकामात पोकळ्या. रंगाखाली लांबी (पुट्टी) भरून त्या झाकलेल्या. हातोडीने हलके ठोकून पाहावे. धड ओतकाम खणखणीत वाजते, तडकलेले किंवा लांबी भरलेले भदभदा वाजते.

एमआयडीसी १९६२मध्ये स्थापन झाली. औरंगाबादचे स्टेशन परिसर आणि चिकलठाणा, नंतर वाळूज अशा वसाहती वाढल्या, आणि १९८५मध्ये वाळूजला बजाजचा कारखाना सुरू झाल्यावर सुटे भाग करणारी वर्कशॉप गल्लोगल्ली उभी राहिली. खेड्यात तोवर पंप, इंजिन, थ्रेशर आले होते, त्यामुळे शेतातल्या आखाड्यावरही एखादा व्हाइस लाकडाच्या ओंडक्याला आवळलेला दिसू लागला. आता कारखान्यात काम संगणकावर चालणाऱ्या सीएनसी मशीनवर आणि फिक्स्चरमध्ये (त्या कामापुरत्या बनवलेल्या पकडीत) पकडले जाते, मीटरगेजही १९९०च्या दशकापासून टप्प्याटप्प्याने उखडले, आणि संस्थांची जुनी हत्यारे डेडस्टॉक रजिस्टरमधून (सामानाच्या नोंदवहीतून) निर्लेखित होऊन लिलावात निघतात. लिलावात माल लॉटने आणि वजनावर जातो. एक व्हाइस हवा असेल, तर लॉट घेणाऱ्या भंगारवाल्याला आधीच भेटून ठेवावे. घडीव लोखंड जालन्याच्या सळईच्या भट्ट्यांत खपते, बीड वेगळे काढून फौंड्रीला जाते. म्हणजे दोन्ही जातींचे व्हाइस वितळण्याच्या वाटेवरच असतात आणि उशीर झाला की संपले.

खरेदी करताना आधी तडा पाहावा. न हलणाऱ्या जबड्याचा बुंधा, सरकत्या जबड्यामागची मान आणि फिरत्या तळाचे कान, या तीन जागा. त्या साफ करून डिझेल किंवा रॉकेल लावायचे, वीस मिनिटांनी कोरडे पुसायचे आणि वर खडूची पूड घासायची. तडा असेल तर थोड्या वेळात ओली रेघ उमटते. हे तडे बहुतेक दांड्यात पाइप घालून आवळल्याने जातात. मानेत तडा असेल, तर रोजच्या कामासाठी व्हाइस घेऊच नये. बाकी ठिकाणी तड्याच्या दोन्ही टोकांना ३ मिलिमीटरचे भोक पाडून, खाच करून, भाग सगळा तापवून पितळाने झाळता येतो. साध्या लोखंडी वेल्डिंग रॉडने जोडले, तर जोडाशेजारचे बीड काचेसारखे कडक होते आणि तिथेच पुन्हा तडकते. निकेल रॉड वापरायचा तर २५ मिलिमीटरचा टाका, लगेच हलकी ठोक, हात लावता येईल इतके गार, मग पुढचा टाका. शेवटी कोरड्या राखेत पुरून रात्रभर ठेवावे.

गंजासाठी विजेचा उपाय सगळ्यात सौम्य, कारण त्यात धड लोखंड खाल्ले जात नाही. प्लास्टिकच्या ड्रममध्ये २० लिटर पाणी, साधारण १०० ग्रॅम धुण्याचा सोडा, १२ व्होल्टचा बॅटरी चार्जर. वजा तार व्हाइसला, अधिक तार टाकाऊ लोखंडी पत्र्याला. उलटे जोडले, तर व्हाइसच विरघळत जाईल. स्टेनलेसचा पत्रा वापरू नये, त्यातून विषारी क्रोमियम पाण्यात उतरते. मीठही घालू नये, क्लोरीन सुटतो. हायड्रोजन निघत असल्याने हे काम अंगणातच करावे आणि जवळ विडी-काडी नको. आजचे स्वयंचलित चार्जर समोर बॅटरी नसेल तर सुरूच होत नाहीत, त्यासाठी बॅटरीवाल्याकडचा जुना साधा चार्जर लागतो. बारा ते चोवीस तासांत गंज काळा आणि भुसभुशीत होतो. मग धुऊन, लगेच उन्हात वाळवून तेल लावायचे. स्प्रिंग आणि जबड्यांवर स्क्रूने बसवलेल्या कडक पोलादी जबडापट्ट्या यात बुडवू नयेत, हायड्रोजनने त्या ठिसूळ होऊ शकतात.

जबडापट्ट्यांचे स्क्रू हा नेहमीचा अडथळा, आणि मोडतोड सगळ्यात जास्त इथेच होते. इंग्रजी आणि सुरुवातीच्या देशी व्हाइसमध्ये व्हिटवर्थ (जुन्या इंग्रजी इंची मापाचे) आटे असतात. मेट्रिक मापांचा कायदा १९५६चा, पण आटे बदलायला कारखान्यांना पुढे बरीच वर्षे लागली. ५/१६ इंची व्हिटवर्थला इंचात १८ आटे, म्हणजे १.४१ मिलिमीटरची पिच (दोन आट्यांतले अंतर) आणि ५५ अंशांचा कोन. ८ मिलिमीटरच्या बोल्टची पिच १.२५ आणि कोन ६० अंश. बोल्ट दोन-तीन फेरे छान जातो, मग अडतो, आणि जोर केला की बिडातले आटे निघून येतात. पिच गेज नसेल तर जुना स्क्रू सोबत घेऊनच दुकानात जावे.

पट्ट्या नसतील तर ट्रकच्या पाट्याचे (स्प्रिंगच्या पट्टीचे) पोलाद चालते. आधी लाल करून राखेत गार करावे, भोके पाडून दाते कापावेत, मग पुन्हा लाल करून तेलात बुडवावे, आणि निळी झाक येईपर्यंत तापवून कडकपणा थोडा उतरवावा. ही शेवटची पायरी गाळली तर पहिल्याच जोराच्या आवळण्यात कोपरा उडतो.

जबडा हलण्याआधी दांडा पाव फेरा मोकळा फिरणे ठीक. अर्ध्या फेऱ्याहून जास्त असेल तर स्क्रू ज्यात फिरतो तो नट झिजला आहे. आवळण्याचा ताण आट्याच्या एकाच बाजूवर येतो, त्यामुळे नटाची घडण उलटा बसवू देत असेल तर तो फिरवून लावला की न झिजलेली बाजू कामाला येते. तसे जमत नसेल, तर लेथवर गनमेटलचा (तांबे-कथलाच्या मिश्रधातूचा) नवा नट कापून घ्यावा. स्क्रू सोबत दिल्याशिवाय तो बरोबर बसत नाही.

रंग देताना स्लाइड (सरकणारा भाग), स्क्रू आणि पट्ट्यांच्या बैठका कोऱ्या ठेवाव्यात. स्क्रूला ग्रीस, पण स्लाइडला पातळ तेलच: ग्रीसमध्ये कानसीचा कीस चिकटतो आणि तोच पुढे स्लाइड घासून काढतो.