डब्यातला भुंगा

आज मोबाइल म्हटलं की खिशातला फोन. हॅम रेडिओवाल्यांच्या, म्हणजे हौसेने बिनतारी संदेश देणाऱ्या-घेणाऱ्यांच्या जुन्या बोलीत मात्र मोबाइल म्हणजे गाडीत बसवलेला संच, आणि सोबतीला एक जड लोखंडी डबा. तो पॉवर सप्लाय.

व्हॉल्व्हच्या, म्हणजे ट्रान्झिस्टरआधीच्या काचेच्या निर्वात नळ्यांच्या संचांना दोन-तीनशे व्होल्ट लागत, ट्रान्समीटरला कधी 500-600. गाडीची बॅटरी 6 नाहीतर 12 ची. ट्रान्सफॉर्मरने व्होल्टेज चढवावं, तर त्याला बदलता प्रवाह हवा. बॅटरीच्या डीसीने, म्हणजे एकाच दिशेच्या प्रवाहाने, नुसती गुंडाळी तापते. म्हणून तो प्रवाह सारखा तोडायचा-जोडायचा. हे काम व्हायब्रेटर करी. शाळेतली विजेची घंटा आठवा: विद्युतचुंबक पट्टी ओढतो, संपर्क तुटतो, पट्टी मागे येते. इथे ती सेकंदाला साधारण 115 वेळा हलते आणि ट्रान्सफॉर्मरच्या गुंडाळीच्या दोन्ही अर्ध्या भागांत आळीपाळीने प्रवाह सोडते. पुढे रेक्टिफायर त्याचं पुन्हा डीसी करतो.

फुकट मात्र काही मिळत नाही. 300 व्होल्टला 100 मिलिअँपिअर म्हणजे 30 वॅट. वाटेत चाळीस टक्के वाया गेले, तर 12 व्होल्टची बॅटरी चार अँपिअरहून जास्त देते, 6 ची आठहून. म्हणूनच बॅटरीच्या वायरी जाड आणि आखूड.

जास्त ताकद हवी असणारे डायनामोटर लावत: एकाच आर्मेचरवर (फिरत्या गाभ्यावर) दोन गुंडाळ्या, एक मोटारीची, दुसरी जनित्राची. दुसऱ्या महायुद्धानंतर लष्कराच्या भंगारातून ते पुष्कळ हॅमच्या हाती आले. बॅटरीचा जीव घेणारं प्रकरण, पण दणकट.

माझ्याकडचा डबा व्हायब्रेटरचा. मालवणच्या घरी माळ्यावर कित्येक पावसाळे काढलेला. आत आवाज दाबायला लावलेला स्पंज काकवीसारखा पाझरलेला. व्हायब्रेटरचे संपर्क बहुधा टंगस्टनचे असतात. दमट हवेत त्यावर ऑक्साइडचा पापुद्रा धरतो आणि तो वीज जाऊ देत नाही. आमच्या खाऱ्या वाऱ्याला तर निमित्तच हवं असतं. बारीक पॉलिश पेपरने ते घासले, पण लगेच बॅटरी जोडली नाही.

कारण खरा चोर दुसराच: बफर कपॅसिटर. संपर्क तुटताना गुंडाळीतून व्होल्टेजचा उसळता झटका येतो, तो हा झेलतो. जुन्या कागदी कपॅसिटरमध्ये ओल शिरली की त्यातून वीज गळू लागते, आणि संपर्क ठिणग्यांनी जळून जातात. मी 1600 व्होल्टचा नवा बसवला. व्होल्टेजमध्ये कंजुषी करू नये, कपॅसिटन्स (वीज साठवायची क्षमता) मात्र मूळचाच ठेवावा.

1950 च्या दशकात जर्मेनियमचे पॉवर ट्रान्झिस्टर आले आणि हीच तोडजोड हलत्या भागाविना होऊ लागली. आजचा फोनचा चार्जरही तेच करतो, सेकंदाला वीस हजारांहून कितीतरी जास्त वेळा, म्हणून कानाला कळत नाही.

माझा डबा मेमध्ये गुणगुणला. काकीने स्वयंपाकघरातून विचारलं, "भुंगो शिरलो काय रे?" श्रावणात पुन्हा गप्प. संपर्कांवर परत पापुद्रा. आता पॉलिश पेपरचा तुकडा डब्यालाच बांधून ठेवलाय.