गावासाठी राबणाऱ्यांचा सन्मान : दात्यांपासून आशा स्वयंसेविकांपर्यंत

संयुक्त राष्ट्रांच्या आमसभेने २०२६ हे 'शाश्वत विकासासाठी आंतरराष्ट्रीय स्वयंसेवक वर्ष' म्हणून जाहीर केले आहे. अशा वर्षात सत्कारांचे कार्यक्रम वाढतात, आणि लहान गावात कार्यक्रम ठरला की सगळ्यात आधी अडते ते नावापाशी. इमारतीसाठी जागा देणाऱ्याचा सन्मान करायचा, पुरातून दोघांना ओढून काढणाऱ्याचा, की वर्षानुवर्षे न चुकता वाचनालयाचे कुलूप उघडणाऱ्याचा? हा प्रश्न फार जुना आहे. वेगवेगळ्या काळांनी त्याला दिलेली उत्तरे क्रमाने पाहिली तर एक गोष्ट ठळक दिसते. आधी मान मिळाला देणाऱ्याला, मग लढणाऱ्याला आणि जीव वाचवणाऱ्याला. रोज राबणाऱ्याची पाळी फार उशिरा आली.

प्राचीन अथेन्सच्या राज्यात खेड्यांना आणि वस्त्यांना 'डीम' म्हणत. प्रत्येक डीमची स्वतःची सभा असे, स्वतःचे उत्सव असत. त्यांपैकी ऐक्सोने या डीमने इ.स.पू. चौथ्या शतकात नाट्योत्सवाचा खर्च उचलणाऱ्या आपल्या दोन रहिवाशांना सोन्याचे मुकुट द्यायचे ठरवले आणि तो ठराव दगडावर कोरून नाट्यगृहात उभा केला. त्या काळच्या अशा ठरावांत हेतूही लिहिलेला सापडतो : झटणाऱ्यांची इथे कदर होते, हे इतरांना कळावे. सत्कार पाहून आणखी कोणी पुढे यावे, हा विचार म्हणजे निदान तेवीसशे वर्षांचा आहे. मात्र मुकुट मिळाले ते श्रीमंतांना. उत्सवाचा खर्च उचलणे हे तिथल्या धनिकांचे जवळजवळ कर्तव्यच होते, त्यामुळे त्याला निखळ स्वेच्छेचे काम म्हणणेही अवघड आहे. आपल्याकडे कार्ल्याच्या चैत्यगृहातल्या खांबांवरही दात्यांचीच नावे आहेत. दगडावर नाव यायचे तर आधी काहीतरी दान द्यावे लागे.

वीरगळांची गोष्ट वेगळी. महाराष्ट्र आणि कर्नाटकातल्या असंख्य गावांत हे दगड आजही उभे आहेत. त्यांतले कित्येक गावाची गुरे पळवणाऱ्यांशी लढताना पडलेल्या माणसांचे आहेत. खालच्या चौकटीत झुंज किंवा पडलेला वीर आणि त्याच्याजवळ गुरे, वरच्या चौकटीत त्याला स्वर्गात नेणाऱ्या अप्सरा, सगळ्यात वर शिवलिंगाची पूजा आणि माथ्यावर चंद्रसूर्य, अशी त्यांची साधारण मांडणी असते. गावासाठी जीव देणाऱ्या माणसाचे हे सार्वजनिक स्मारक होते आणि तो माणूस राजा असण्याची गरज नव्हती, ही फार मोठी गोष्ट आहे. पण महाराष्ट्रातल्या बहुतेक वीरगळांवर लेख नाही. पराक्रम दगडात टिकला आणि नाव गेले. गावातल्या सगळ्यांना ते ठाऊक होते तोवर लिहून ठेवायची निकड कोणाला वाटली नसावी. आजही लहान गावातल्या कामाची नोंद याच समजुतीपायी राहून जाते.

अठराव्या शतकात युरोपात मान देण्याची नवी पद्धत आली. बुडणाऱ्यांना वाचवण्यासाठी १७६७ मध्ये ॲमस्टरडॅमला आणि १७७४ मध्ये लंडनला संस्था निघाल्या, आणि जीव वाचवणाऱ्याला पदक देण्याची प्रथा पडली. १८२४ मध्ये ब्रिटनमध्ये सर विल्यम हिलरी यांच्या पुढाकाराने समुद्री बचावकार्याची राष्ट्रीय संस्था उभी राहिली. पुढे हीच संस्था रॉयल नॅशनल लाइफबोट इन्स्टिट्यूशन या नावाने ओळखली जाऊ लागली. किनाऱ्यावरच्या कोळी वस्त्यांतले लोक वादळात होडी घालत आणि संस्था त्यांना सुवर्ण किंवा रौप्य पदक देई.

या पदकांच्या इतिहासातला एक प्रसंग मला फार बोलका वाटतो. ७ सप्टेंबर १८३८ रोजी 'फॉरफरशायर' हे जहाज इंग्लंडच्या ईशान्य किनाऱ्याजवळ फार्न बेटांच्या खडकांवर फुटले. लाँगस्टोन दीपगृहाच्या रखवालदाराची २२ वर्षांची मुलगी ग्रेस डार्लिंग वडिलांबरोबर होडी घेऊन गेली आणि त्यांनी वाचलेल्यांना सोडवून आणले. दोघांना रौप्य पदके मिळाली. वर्तमानपत्रांनी ग्रेसला डोक्यावर घेतले. चित्रकार बेटावर येऊ लागले, तिच्या केसांच्या बटा मागणारी पत्रे येऊ लागली. चारच वर्षांनी, १८४२ मध्ये, क्षयाने ती गेली. जहाज फुटले त्याच दिवशी किनाऱ्यावरच्या नॉर्थ संडरलंड गावातले सात जणही त्याच वादळात होडी वल्हवत खडकापर्यंत गेले होते, ग्रेसचा भाऊ त्यांच्यातच होता. ते पोचले तेव्हा जिवंत माणसे आधीच हलवलेली होती. परत जाणे शक्य नव्हते, म्हणून त्यांना दीपगृहाच्याच आसऱ्याला अडकून राहावे लागले. त्यांचे धाडस कमी नव्हते, उलट त्यांनी अधिक लांबचा पल्ला मारला होता. पण देशाला हवी होती एक तरुण मुलगी आणि एक होडी. बाहेरचे लोक सन्मानाचा मानकरी ठरवतात तेव्हा कामापेक्षा गोष्ट वरचढ होते, याचे इतके स्वच्छ उदाहरण क्वचितच सापडेल.

पुढच्या शतकात चित्र थोडे बदलले. इंग्लंडमधल्या क्रोमर या किनारी गावचा मच्छीमार हेन्री ब्लॉग १८९४ मध्ये लाइफबोटीवर दाखल झाला आणि १९४७ मध्ये निवृत्त झाला. खेकडे धरणे आणि उन्हाळ्यात पर्यटकांना खुर्च्या भाड्याने देणे हा त्याचा धंदा. ५३ वर्षांत त्याच्या होडीने ८७३ जीव वाचवले, आणि त्याला तीन सुवर्ण व चार रौप्य पदके मिळाली. इथे एका रात्रीच्या धाडसाइतकीच महत्त्वाची होती ती दशकांची हजेरी.

इंग्लंडच्या कॉर्नवॉल परगण्यातल्या माउसहोल गावाची हकीकत वेगळ्या कारणाने सांगावी लागते. १९ डिसेंबर १९८१ च्या वादळी रात्री गावातले आठ स्वयंसेवक 'सॉलोमन ब्राउन' ही लाइफबोट घेऊन 'युनियन स्टार' जहाजाच्या मदतीला गेले. चार जणांना त्यांनी होडीत घेतलेही होते, पण राहिलेल्यांसाठी पुन्हा जहाजाकडे वळले आणि दोन्ही जहाजांवरचे मिळून १६ जण गेले. कॉक्सवेनला, म्हणजे लाइफबोटीच्या प्रमुखाला, मरणोत्तर सुवर्ण पदक आणि उरलेल्या सात जणांना कांस्य पदके मिळाली. म्हणजे या वेळी पूर्ण चमूची दखल घेतली गेली. गावाने स्वतःची पद्धतही ठरवली : दरवर्षी १९ डिसेंबरला तिथली नाताळची रोषणाई काही काळ मालवली जाते. आणि दुर्घटनेनंतर एका दिवसात नव्या चमूसाठी पुरेसे लोक गावातूनच पुढे आले होते. कोणत्याही पदकापेक्षा हा सन्मान मोठा, असे माझे मत आहे.

धाडसाचा प्रसंगच घडला नाही तर? आग लागली नाही, पूर आला नाही, तरी दर आठवड्याला सराव करणारे, पंप तपासणारे लोक असतात. त्यांच्यासाठी न्यूझीलंडने चांगली वाट शोधली. तिथल्या लहान गावांतली अग्निशमन दले बहुतांशी स्वयंसेवकांवर चालतात. १८७८ मध्ये स्थापन झालेली त्यांची संघटना २५ वर्षांच्या सेवेला 'गोल्ड स्टार' देते आणि ५० वर्षांच्या सेवेला 'डबल गोल्ड स्टार'. इथे निवड समितीला कोणाच्या शौर्याची तुलना करावी लागत नाही. हजेरीची वही पुरते.

सरकारी सन्मान खालच्या माणसापर्यंत पोचायला आणखी वेळ लागला. जून १९१७ मध्ये, पहिले महायुद्ध चालू असताना, ब्रिटनमध्ये 'ऑर्डर ऑफ द ब्रिटिश एम्पायर' सुरू झाला आणि रणांगणाबाहेर काम करणारे सामान्य नागरिक, स्त्रियासुद्धा, मोठ्या संख्येने सन्मानाच्या कक्षेत आले. तरी त्यात पायऱ्या होत्याच. वरच्या हुद्द्याच्या माणसाला वरचा किताब आणि कामगाराला वेगळे पदक. हे पदक नागरिकांना देणे १९९३ मध्ये बंद झाले, आणि त्याच सुधारणांत सामान्य लोकांनी नावे सुचवण्याचा मार्ग रुंद करण्यात आला. २०१२ मध्ये ते पदक स्थानिक समाजासाठी केलेल्या कामाकरिता पुन्हा सुरू झाले. त्याआधी २००२ मध्ये, राणी एलिझाबेथ यांच्या कारकिर्दीच्या सुवर्णमहोत्सवात, एक निराळा पुरस्कार निघाला होता. तो एका व्यक्तीला न देता स्वयंसेवकांच्या गटाला देतात, आणि गटातला माणूस स्वतःच्या गटाचे नाव सुचवू शकत नाही. कामाचा लाभ ज्यांना झाला किंवा ज्यांनी ते जवळून पाहिले, त्यांनी लिहायचे.

नियम चांगला आहे, पण तो नेमका लहान गावातच अडतो. जिथे प्रत्येक जण कुठल्या ना कुठल्या मंडळात असतो, तिथे बाहेरचा माणूस आणायचा कुठून? आणि नाव सुचवण्यासाठी लिहिता आले पाहिजे, अर्ज कुठे करायचा हे माहीत पाहिजे. त्यामुळे पदाधिकाऱ्यांची नावे पुढे जातात आणि सतरंज्या घालून कार्यक्रम संपल्यावर त्या गोळा करणाऱ्याचे नाव मागे राहते. बायकांच्या बाबतीत हे आणखी घडते, कारण त्यांनी केलेली कामे अनेकदा घरकामाचाच पुढचा भाग समजली जातात. भारतात १९५४ मध्ये सुरू झालेल्या पद्म पुरस्कारांसाठी २०१६ पासून कोणीही ऑनलाइन शिफारस करू शकते. अकोले तालुक्यातल्या कोंभाळणे गावात देशी बियाणे जपणाऱ्या राहीबाई पोपेरे यांचे नाव २०२० च्या यादीत आले. अशी नावे आता दिसू लागली आहेत, ही समाधानाची गोष्ट आहे.

जागतिक पातळीवर १९७० मध्ये संयुक्त राष्ट्रांचा स्वयंसेवक कार्यक्रम ठरला, १९८५ मध्ये ५ डिसेंबर हा आंतरराष्ट्रीय स्वयंसेवक दिन झाला आणि २००१ हे स्वयंसेवकांचे पहिले आंतरराष्ट्रीय वर्ष. माझ्या दृष्टीने याहून महत्त्वाची घटना २०१३ ची. त्या वर्षी श्रमसंख्याशास्त्रज्ञांच्या आंतरराष्ट्रीय परिषदेने स्वयंसेवेला श्रमाचा एक प्रकार मानले : सक्ती नाही, वेतन नाही आणि काम इतरांसाठी. गावातले असे कष्ट मोजण्याजोगे काम आहे, हे त्यामुळे आकडेवारीच्या भाषेत मान्य झाले.

या व्याख्येच्या काठावर आशा स्वयंसेविका उभ्या आहेत. २००५ मध्ये राष्ट्रीय ग्रामीण आरोग्य अभियानाबरोबर ही योजना आली. साधारण हजार लोकवस्तीमागे त्याच गावातली एक बाई, दर्जा मानद स्वयंसेविकेचा, आणि मोबदला बहुतांशी कामागणिक. गरोदर बाईला दवाखान्यात नेणे, बाळांच्या लसीकरणाचा पाठपुरावा, घरोघरची पाहणी, आणि कोरोनाच्या साथीत तर दारोदार फिरून रुग्ण शोधणे. मे २०२२ मध्ये जागतिक आरोग्य संघटनेने या दहा लाखांहून अधिक बायकांचा एकत्रित गौरव केला. एवढ्या मोठ्या संख्येने गावपातळीवरच्या बायका क्वचितच एखाद्या जागतिक पुरस्काराच्या मानकरी झाल्या असतील. पण त्या गौरवाच्या आधीही आणि नंतरही वेगवेगळ्या राज्यांत आशांची आंदोलने होत राहिली आहेत. ठरावीक मानधन, ते वेळेवर मिळणे आणि कर्मचारी म्हणून मान्यता, या त्यांच्या मागण्या आहेत. त्या रास्त आहेत, आणि गौरवपत्राने त्या भागत नाहीत.