‘भाग्यविधाता’ म्हणजे पंचम जॉर्ज नव्हे

यंदाही धरमपेठेत झेंडावंदन आटोपलं, तर्री-पोह्यांच्या प्लेटा हातात आल्या आणि एका काकांनी तोच विषय काढला: ‘जन गण मन’ रवींद्रनाथांनी इंग्लंडचा राजा पंचम जॉर्ज याच्या स्वागतासाठी लिहिलं. शेजारची दोन शाळकरी मुलं कान देऊन ऐकत होती, म्हणून हा खुलासा.

गाणं पहिल्यांदा गायलं गेलं 27 डिसेंबर 1911 रोजी, कलकत्त्याच्या काँग्रेस अधिवेशनात. बंगालची फाळणी रद्द केल्याचं राजाने नुकतंच जाहीर केलं होतं, त्यामुळे त्याच दिवशी राजाचे आभार मानणारा ठराव झाला आणि रामभुज चौधरी यांचं राजस्तुतीचं एक हिंदी गीतही झालं. इंग्रजी वर्तमानपत्रांनी दोन गाण्यांची सरमिसळ केली आणि स्तुती टागोरांच्या नावावर चढवली. घोळ एवढाच, पण शंभर वर्षं पुरला.

1937 च्या एका पत्रात टागोरांनी स्वतःच सांगितलं आहे: सरकारदरबारी वजन असलेल्या एका स्नेह्याने राजाचं गुणगान मागितलं, त्याचा मनस्वी संताप आला आणि त्या संतापातूनच हे गीत उतरलं. यातला भाग्यविधाता युगानुयुगांचा सारथी आहे, कुठलाही जॉर्ज नाही.

आपण फक्त पहिलं कडवं म्हणतो. पाचही वाचा. तिसऱ्यात ‘हे चिरसारथि’ अशी हाक आहे, चौथ्यात ‘स्नेहमयी तुमि माता’. इंग्लंडच्या राजाला माता कोण म्हणेल? काकांना मी हीच ओळ वाचून दाखवली.