अफिफे जाले ‘पहिली नटी’ नव्हे

‘तुर्कस्तानात रंगमंचावर उभी राहिलेली पहिली बाई म्हणजे अफिफे जाले’ हे वाक्य वर्षानुवर्षं फिरतंय. त्यातला एक शब्द गळालाय: मुस्लिम. इस्तंबूलच्या नाटकांत आर्मेनियन नट्या एकोणिसाव्या शतकापासूनच कामं करत होत्या. मज्जाव होता तो मुस्लिम बायकांना. १९२० साली इस्तंबूलच्याच कादिक्योय भागातल्या थिएटरात अफिफेला मिळालेली भूमिकाही मुळात एलिझा बिनेमेजियान या आर्मेनियन नटीची. ती परदेशी गेली म्हणून जागा रिकामी झाली. पुढे अफिफेच्या मागे पोलिसांच्या धाडी, नोकरी गेली, मॉर्फिनचं व्यसन, आणि १९४१ मध्ये मनोरुग्णालयात मृत्यू. धाडस तिचंच, त्याबद्दल वादच नाही. पण एका धाडीत तिला लपवून मागच्या बागेतून पळवून लावलं असं जिच्याबद्दल सांगतात, ती किनार हानिमसुद्धा आर्मेनियन नटीच.