जुन्या गाडीचा सायलेन्सर: नळी इंजिनाच्या मापाची, शेवटची फूटभर आपल्या आवडीची

प्रीमिअर पद्मिनी ही गाडी बंद होऊन वीस वर्षांवर काळ गेला. अँबेसिडर आणि मारुती ८०० या दोघींचं उत्पादन २०१४ साली थांबलं. सोलापुरात या गाड्या जिवापाड सांभाळणारे आजही आहेत आणि त्यांच्यापुढे कधी ना कधी हा प्रश्न येतोच. मूळ सायलेन्सर कुजलाय, दुकानात मिळतो तो पातळ पत्र्याचा, मग बनवूनच घ्यायचा तर कसा? नळी किती इंची, डबा कुठल्या प्रकारचा, मागचं तोंड कसं? यातल्या प्रत्येक गोष्टीमागे सव्वाशे वर्षांचा इतिहास आहे. तो ठाऊक असला की फॅब्रिकेटरसमोर उभं राहून नेमकं काय हवं ते सांगता येतं.

मोटारीच्या सायलेन्सरचं सुरुवातीचं पेटंट १८९७ सालचं, अमेरिकेतल्या रीव्ह्ज बंधूंचं. डब्यात आडव्या पडद्यांचे कप्पे करायचे, धूर एका कप्प्यातून दुसऱ्यात वळवायचा आणि आवाजाच्या लाटा एकमेकींवर आपटून मरू द्यायच्या, ही कल्पना आजही कंपनीच्या बहुतेक डब्यांत आहे. सुरुवातीचे डबे मात्र इंजिनाचा श्वास कोंडायचे. म्हणून त्या काळच्या अनेक गाड्यांत सायलेन्सरच्या आधीच एक झडप असे. मोकळा रस्ता लागला की चालक ती उघडून धूर थेट बाहेर सोडायचा. ‘सायलेन्सर पोकळ केला की गाडी पळते’ हा समज तिथून आला. तेव्हा तो खरा होता. आज मात्र चाळीस-पन्नास अश्वशक्तीच्या गाडीला कंपनीचा चांगल्या अवस्थेतला डबा जेमतेम अडवतो. त्याच्या आतल्या जाळ्या काढल्या की फक्त आवाज वाढतो.

इंग्लंडमधल्या ब्रुकलँड्सच्या शर्यतीच्या ट्रॅकशेजारी राहणारे लोक आवाजाला कंटाळून कोर्टात गेले आणि १९२०च्या दशकात तिथे सायलेन्सर सक्तीचा झाला. तिथल्या मोठ्या डब्यांचं चपटं, पसरट ‘फिशटेल’ तोंड पुढे फॅशन बनलं. दुसरी परंपरा इटलीची. कार्लो अबार्थने १९४९ साली कंपनी काढली आणि फियाट टोपोलिनोपासून सुरुवात करून लहान फियाट गाड्यांसाठी सायलेन्सर बनवायला घेतले. आत भोकांची सरळ नळी, तिच्याभोवती काचलोकर (काचेच्या तंतूंची लोकर), बाहेर काळा रंग आणि मागे क्रोमची चकचकीत तोंडं. शर्यतीची गाडी न परवडणाऱ्या माणसाला आवाज आणि ऐट तेवढी विकत घेता येऊ लागली.

हा धागा आपल्याकडे सरळ येतो, कारण पद्मिनी म्हणजे मुळात फियाट ११००. ती कुर्ल्यात बनवणारी प्रीमिअर ऑटोमोबाइल्स १९४४ साली उभी करणारे वालचंद हिराचंद यांचा जन्म १८८२ साली सोलापुरातच झाला. तेव्हा सोलापुरातल्या पद्मिनीला अबार्थ धाटणीचं तोंड लावणं हे त्या गाडीच्या घराण्याला धरूनच आहे. अँबेसिडर मूळची इंग्रजी मॉरिस, तिला साधी, सरळ कापलेली एकच नळी शोभते. रुंद बंपरखाली दोन जाड क्रोम तोंडं उगीच लक्ष खेचतात.

आता मापं. सर्वांत जास्त चुका इथेच होतात.

पद्मिनीचं इंजिन १०८९ सीसीचं, ताकद ४० अश्वशक्तीच्या आसपास. एवढ्या इंजिनाला दीड इंची, म्हणजे ३८ मिमी बाहेरच्या व्यासाची नळी पुरून उरते. अँबेसिडरच्या १४८९ सीसी इंजिनाला ३८ ते ४२ मिमी, मारुती ८००च्या ७९६ सीसीला ३२ ते ३५ मिमी. आग्रह मात्र बहुतेकदा दोन इंची नळीचा होतो. दीड मिमी जाडीच्या ३८च्या नळीत आतला व्यास ३५ मिमी, ५०च्या नळीत ४७. आतलं क्षेत्रफळ १.८ पट होतं आणि धुराचा वेग जवळपास निम्म्यावर येतो. प्रत्येक सिलिंडरमधून निघालेला झोत आपल्यामागे थोडी पोकळी ओढत जातो आणि पुढचा धूर बाहेर काढायला मदत करतो. वेग पडला की ही ओढ कमी होते. गाडी खालच्या आरपीएमला मरगळते, चढावर गिअर लवकर उतरवावा लागतो. ‘इंजिनाला बॅकप्रेशर लागतं’ असं गॅरेजात म्हणतात. दाब इंजिनाला कधीच नको असतो, हवा असतो तो झोताचा वेग.

मोठ्या नळीचा दुसरा त्रास म्हणजे घुमणं. चार सिलिंडरचं इंजिन ३००० आरपीएमला सेकंदाला १०० ठोके देतं आणि तो सूर केबिनच्या पत्र्याला नेमका सापडतो. पंढरपूर किंवा अक्कलकोटला जाऊन येईपर्यंत डोकं उठतं. यावर उपाय डब्याच्या आकारमानात आहे. इंजिनाच्या क्षमतेच्या पाच ते दहापट डबा धरावा. सहा इंच व्यास आणि दीड फूट लांबीचा डबा साधारण आठ लिटरचा होतो, पद्मिनीला तो योग्य. काचलोकरीचा हवा असेल तर मध्ये एक छोटा रेझोनेटर (घुमणारा सूर दाबणारा जादा डबा) घ्यावा, आणि लोकर काही वर्षांत जळून उडते हे धरून चालावं.

नळी कशाची? साधं लोखंड १६ गेजचं घ्या, १८ गेज त्याहून पातळ, लवकर सडतं. सोलापूरची हवा कोरडी असली तरी सडणं आतून होतं. एक लिटर पेट्रोल जळलं की जवळपास लिटरभर पाणी वाफेच्या रूपात निघतं. घर ते बाजार एवढ्याच फेऱ्या झाल्या तर डबा पुरता तापत नाही आणि ते पाणी तळाशी साचतं. म्हणून डब्याच्या मागच्या टोकाला, सर्वांत खालच्या जागी ३ मिमीचं भोक ठेवावं.

स्टेनलेस घ्यायचं तर ३०४ किंवा ४०९. जिन्याच्या कठड्यासाठी मिळणारी चकचकीत नळी बहुधा २०२ ग्रेडची असते. वाकवताना तिची शिवण उकलते आणि तापून तापून गंज धरते. लोहचुंबक ३०४ला चिकटत नाही तसा २०२लाही नाही, त्यामुळे त्या परीक्षेवर विसंबू नये, बिलावर ग्रेड लिहून घ्यावा. साखर कारखाने आणि डेअऱ्यांची पाइपकामं करणारे टिग वेल्डर या भागात मिळतात. स्टेनलेसची कामं त्यांच्याकडूनच करून घ्यावीत. शिवाय ३०४ तापल्यावर बरंच वाढतं: अडीच मीटरची नळी ३०० अंशांनी तापली की सुमारे १३ मिमी लांबते. रबरी हँगरऐवजी पक्क्या लोखंडी पट्ट्यांनी ती जखडली तर वेल्ड तडकतो किंवा मॅनिफोल्डचा (इंजिनातून धूर गोळा करणाऱ्या भागाचा) स्टड तुटतो. जीआय, म्हणजे जस्ताचा मुलामा दिलेली नळी तर नकोच, वेल्डिंग करताना जस्ताचा विषारी धूर निघतो.

कामाचा क्रम असा ठेवावा. आधी बॅटरीची निगेटिव्ह तार काढावी, नाहीतर अल्टरनेटरचे डायोड जाऊ शकतात. गंजलेल्या नटांना आदल्या दिवशी तेल सोडावं. मॅनिफोल्डच्या बाजूने मागे येत नळी नुसती टाके मारून जोडावी, गाडी चाकांवर उभी करून, मागे माणसं बसवून अ‍ॅक्सलची (मागच्या चाकांच्या दांड्याची) उडी तपासावी आणि मगच पूर्ण वेल्ड भरावा. जॅकवर लोंबणाऱ्या अ‍ॅक्सलसह माप घेतलं की पहिल्याच स्पीडब्रेकरला नळी ठोकते. बेंड वाळू भरून, तापवून काढणार असतील तर वाळू पूर्ण कोरडी हवी. ओल राहिली तर वाफेने नळीच्या तोंडाला मारलेलं बूच गोळीसारखं उडतं. मारुतीसारख्या आडव्या इंजिनाच्या गाडीत इंजिन पुढे-मागे डुलतं, तिथे फ्लेक्झिबल जोड किंवा स्प्रिंगचा सांधा हवाच.

तोंडाची निवड शेवटी. तिरपं कापलेलं, गोल वळवलेल्या कडेचं, जोडतोंडी, काहीही घ्या, पण ते नळीवर क्लॅम्पने बसणारं असावं, म्हणजे बदलता येतं. तोंड बंपरच्या बाहेर इंच-दोन इंच आलंच पाहिजे. धावत्या गाडीच्या मागे हवेचा दाब कमी होतो आणि धूर तिथेच घुटमळतो. डिकीचं रबर जुनं असेल तर कार्बन मोनॉक्साइड आत येतो, आणि त्याला वास नसतो. खाली वळवलेलं तोंड आपल्या काळ्या मातीत धूळ उडवतं, आणि मोटार वाहन नियमांनाही ते मंजूर नाही: धूर खाली किंवा डावीकडे सोडायचा नाही. इंधनाच्या नळीपासून ३५ मिमी अंतरही नियमातच आहे.

कायद्याची बाकीची बाजू थोडक्यात. कंपनीच्या मूळ तपशिलाशी विसंगत बदल चालणार नाहीत, असं सर्वोच्च न्यायालयाने जानेवारी २०१९मध्ये सांगितलं. मूळ धाटणीचा, आवाज दाबणारा डबा बसवणं म्हणजे दुरुस्ती. कर्कश डबा बसवला तर आवाजाच्या कलमाखाली दहा हजारांपर्यंत दंड होऊ शकतो. पन्नास वर्षांवरची गाडी व्हिंटेज म्हणून नोंदवायची असेल तर मूळ रूपाला धरूनच राहावं. शिसंयुक्त पेट्रोल देशभर २००० साली बंद झालं. त्या सुमारास आणि नंतर आलेल्या ज्या गाड्यांना कॅटॅलिटिक कन्व्हर्टर (धुरातले विषारी वायू कमी करणारा डबा) आहे, त्यांचा तो काढू नये.

पीयूसीच्या धूर तपासणीची नळी टेलपाइपमध्ये साधारण ३०० मिमी आत जावी लागते. चपटं फिशटेल किंवा आत जाळी असलेलं तोंड तिथे अडतं, तेव्हा वेल्ड भरण्याआधी तेवढ्या लांबीची सळई घालून बघावी.

बसवून झाल्यावर गाडी आयडलला ठेवून जाड फडकं तोंडावर दाबून धरावं. सांधे घट्ट असतील तर इंजिन गुदमरून बंद पडेल. फुसफुस ऐकू आली तर तिथे गळती आहे. पहिल्या शंभर-दोनशे किलोमीटरनंतर गाडी थंड असताना मॅनिफोल्डचे नट पुन्हा आवळावेत आणि स्पार्क प्लग काढून बघावेत. बिस्किटी रंग असेल तर ठीक. पांढरटपणा आला असेल तर हवा-पेट्रोलचं मिश्रण पातळ झालंय, कार्ब्युरेटरचं जेट तपासायला हवं.