डॉज सिटी (चित्रपट)

वॉर्नर ब्रदर्सचा १९३९ सालचा रंगीत अमेरिकी वेस्टर्न (म्हणजे अमेरिकेच्या पश्चिमेकडच्या गुराखी-काळावरचा) चित्रपट. दिग्दर्शन मायकेल कर्टीझ, पटकथा रॉबर्ट बकनर, संगीत मॅक्स स्टायनर. एरॉल फ्लिनचा हा पहिला वेस्टर्न. नायिका ऑलिव्हिया डी हॅविलंड. एप्रिल १९३९ मध्ये चित्रपटाचा पहिला खेळ कॅन्ससमधल्या खऱ्या डॉज सिटीतच झाला.

१८७२ मध्ये रेल्वे आली आणि हे गाव वसले. टेक्ससहून लांबशिंगी गुरे हाकत आणायची, इथे व्यापाऱ्यांना विकायची आणि मालगाडीत चढवून पूर्वेकडे धाडायची, यावर गाव पोसले गेले. चित्रपटातला जेफ सरेट (ब्रूस कॅबट) याच व्यवहाराच्या नाक्यावर बसला आहे. गुरांचा खरेदीदार तोच आणि सलूनचा, म्हणजे दारूच्या गुत्त्याचा, मालकही तोच. गुरांचे थकलेले पैसे मागायला आलेल्या मॅट कोलचा मुडदा पडतो. भ्रष्टाचार म्हणजे नुसती गुंडगिरी नव्हे, तो बुडवलेल्या हिशेबातून उभा राहतो, हे इतक्या स्पष्टपणे दाखवणारे वेस्टर्न थोडेच आहेत.

आयरिश वेड हॅटन (फ्लिन) शेरीफपद, म्हणजे गावात कायदा राखणाऱ्या अधिकाऱ्याचे पद, आधी नाकारतो. पुढे भर रस्त्यात गोळीबार होतो, बुजलेल्या घोड्यांमागे फरफटत जाऊन कोलचा लहानगा मुलगा मरतो, तेव्हा तो बिल्ला लावतो. बंदूकबंदी येते, तुरुंग भरतो. सरेटविरुद्ध पुरावा गोळा करणाऱ्या वृत्तपत्राच्या संपादकाचा खून होतो. अखेरचा सामना पेटलेल्या रेल्वेगाडीत होतो.

सर्वाधिक गाजली ती सलूनमधली हाणामारी. उत्तरेचे माजी सैनिक आपले युद्धगीत गातात, टेक्ससचे गुराखी दक्षिणेचे गाणे त्याहून मोठ्याने म्हणतात आणि खुर्च्या उडू लागतात. उत्तर आणि दक्षिणेतले अमेरिकी यादवी युद्ध संपून काही वर्षेच झालेली आहेत, हे कर्टीझ एका शब्दाच्याही संवादाशिवाय सांगतो. त्याच वेळी दारू सोडायला निघालेला रस्टी (ॲलन हेल) शेजारी ‘प्युअर प्रेअरी लीग’ या दारूबंदीवाल्या बायकांच्या सभेत बसलेला असतो. पुढे ओहायोतल्या एका रॉक बँडने हेच नाव घेतले.

इतिहास मात्र एवढा सरळ नव्हता. वायट अर्प, बॅट मास्टरसन यांसारखे इथले कायद्याचे रक्षक स्वतः जुगारी होते आणि गावाची सत्ता सलूनमालक व व्यापाऱ्यांच्या हाती होती. १८८३ मध्ये ल्यूक शॉर्ट या सलूनमालकाला गावाबाहेर काढले, तेव्हा त्याच्या बाजूने हेच दोघे धावून आले. बंदूकबंदी मात्र खरी होती. तिची पाटी त्या काळच्या छायाचित्रात दिसते. गुरांचा बाजार कोणा शेरीफने बंद पाडला नाही. टेक्ससच्या गुरांबरोबर येणाऱ्या गोचिडतापाच्या भीतीने कॅन्ससने १८८५ मध्ये त्या गुरांना राज्यबंदी केली आणि बाजार उठला.